मधली जागा

किताबाची लढत कुठे घ्यायची
यावर तीन बैठका झाल्या आणि सव्वीस चहा.
चहा मी लिहून ठेवलेत,
खजिनदाराच्या हातात तेवढंच असतं.

खडकीचे म्हणाले, आमच्याकडे घ्या, मैदान फुकट.
फुकट काही नसतं, मोझेस.
तुमच्या मैदानात ऑगस्टीन साळवे
घाम पुसायला वळला तरी टाळ्या पडतात.
टाळीसाठी तक्त्यात रकाना नाही,
पण पंचाच्या पेन्सिलीला कान असतात.

भवानी पेठेचे म्हणाले, लाकूडबाजारात घ्या,
रविवारी वखारी बंद, ट्रक हलवू, फळ्या आमच्या.
फळ्या तुमच्या, म्हणजे पायाखालचा आवाजही तुमचा.
इम्तियाज तांबोळी त्या भुशातच रांगला.
परक्याला तिथे दुसऱ्या फेरीत खोकला लागतो.

बालेवाडी दोघांनाही सारखीच लांब.
भाडं ऐकून दोघेही सारखेच गप्प.

सदाशिव पेठेतलं एक मंगल कार्यालय पाहिलं.
व्यवस्थापक आगाशे चष्म्यावरून म्हणाले,
"अक्षता सांडल्या तर झाडू आमचा,
रक्त सांडलं तर तुमचा."
मग वहीत बघत, "वरपक्ष कोण यांच्यातला?
खोल्या तशा आहेत."
एका खोलीत आरसा नि पंखा.
दुसरीत नुसता पंखा, तोही कुरकुरणारा.
आम्ही जिन्यावरूनच मागे फिरलो.

शेवटी मी नकाशा पसरला.
खिशात हाताला बांधायची जुनी पट्टी होती,
तिचा एक धागा ओढून काढला,
ऑगस्टीनच्या दारापासून इम्तियाजच्या दारापर्यंत ताणला,
दुमडला, आणि मधल्या ठिकाणी बोट ठेवलं.
बोट नदीत.
संगमाच्या पुलाजवळ, ऐन पाण्यात.
"दोघांनाही पोहता येत नाही," मोझेस म्हणाला
आणि तीन बैठकांत पहिल्यांदा
दोन्ही बाजू एकाच गोष्टीला हसल्या.

काठावर बसगाड्यांचा तळ आहे, संगमवाडीचा.
तिथे कुणी कुणाचं नसतं.
नांदेडची, इंदूरची, हुबळीची माणसं
पिशवीवर बसून आपापला नंबर पुकारण्याची वाट बघतात.
ठरलं. सत्ताविसावा चहा मी पाजला.

रात्री झोप येईना.
पट्टी हमीदची होती, इम्तियाजच्या बापाची.
त्याला पहिला ठोसा मी शिकवलेला,
भवानी पेठेतल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये.
आणि पट्टीचा धागा ताणतो.
जिकडे अंगठा दाबावा तिकडे कमी, पलीकडे जास्त.
माझा अंगठा कुठे होता?

उठलो, पोलादी टेप घेतली, पुन्हा मोजलं.
मध्य बोटभर खडकीकडे सरकला.
बोटभर.
नकाशावर बोटभर म्हणजे जमिनीवर किती पावलं
हे मला विचारू नका, मला माहीत आहे.

ब्याऐंशी साली, मिरजेत, त्यांच्या गल्लीत,
घंटा उशिरा वाजली होती.
त्या तीन सेकंदांत माझा डावा कान गेला.
तेव्हापासून घंटा मीच धरतो.
मला तटस्थ म्हणतात,
खरं तर मी एकाच बाजूने ऐकतो.

पहाटे तळावर गेलो, पाणसळ घेऊन.
इंदूरची गाडी नुकती रिकामी झालेली,
क्लीनर आरशात बघून दात घासत होता.
जिथे रिंग येणार तिथे पाणसळ ठेवली.
बुडबुडा नदीकडे पाठ करून सरकला
आणि तिथेच बसला.
एका पायाखाली फळी घालावी लागेल.
फळी कुणाची, हा चौथ्या बैठकीचा विषय.

मोझेसला फोन केला, बोटभराचं सांगितलं.
तो बराच वेळ गप्प.
मागे त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
"आमच्याकडे सरकतो ना, मास्तर?
मग राहू द्या आहे तिथेच.
बोटभर आम्ही चालून येऊ.
तुम्ही फक्त सांगा,
घंटा कोणत्या कानाशी धरणार?"